सतरापैकी पाच

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे जसं आहे तसं आहे. फोनवर तुम्ही चार विनोद करता, मी हसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की विचारलेल्याचं उत्तर मिळालंच नाही. शिवाय फोनवर तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा येतो. ते मला अजून सोसत नाही. म्हणून लेखी.

एक एप्रिलपासून माझ्याकडे बाहेरची गावं येणार आहेत. दुकानांचे काटे आणि मापं तपासायला इतके दिवस ऑफिसची जीप होती, आता ती मिळणार नाही. स्वतःची गाडी हवी. परवाना हातात आहे. परीक्षेची तारीख आधी घेतलेली होती, ती नेमकी हे गेल्यावर अठराव्या दिवशी आली. जाऊन दिली. गाडी मागे घेताना परीक्षक म्हणाला, "बाई, रडताय का?" मी म्हटलं, "नाही, ऊन आहे." पास केलं त्याने.

ह्यांच्या टेबलाच्या खणात दोन गाड्यांची माहितीपत्रकं सापडली, म्हणून त्या दोनच बघते आहे. दोन्ही छोट्या एसयूव्ही, उंच बसायच्या, मागून आखूड. एक पांढरी, एक निळी. कंपन्या वेगळ्या, पण शोरूम समोरासमोर, रस्ता ओलांडला की दुसरं. बाकी सगळं उन्नीसबीस. फरक एवढाच की पांढरीची डिकी खालपासून उघडते. माझी वजनांची पेटी वीस किलोची आहे. गुडघ्यापर्यंत उचलली की आत सरकते. निळीची कड माझ्या कमरेशी येते. म्हणून माझा कल पांढरीकडे.

तुम्ही बस चालवता, तुम्हाला गाड्यांतलं कळतं. मत कळवा. कंबर कशी आहे?

वहिनी

---

१६ फेब्रुवारी

ती. वहिनी, नमस्कार.

पाकीट आलं तेव्हा अख्ख्या डेपोला वाटलं, बारक्याला नोटीस आली. दोघांनी तर सांत्वनही केलं. उघडून बघतो तर वहिनींचं अक्षर, रेघेवर रेघ. शाळेनंतर मी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापू नका.

गाडीचं म्हणाल तर निळी घ्या. डोळे झाकून घ्या. पांढरी दिसायला बरी, पण पेट्रोल पिते. आमच्या एका कंडक्टरच्या मेव्हण्याने घेतली आहे, तो आता पंपावरच राहतो म्हणतात.

आणि तुम्ही शोरूमच्या फेऱ्या कशाला मारता? ते टायवाले लोक बोलून बोलून कान किटवतात. मी दोन दिवस रजा टाकतो, निळी बुक करतो आणि सरळ तुमच्या दारात आणून उभी करतो. तुम्ही फक्त सही करा. पेटीचं काय, पेटी मी उचलून ठेवीन.

कंबर मजेत आहे. हवामानखात्यासारखी झाली आहे, खड्डा यायच्या आधी सांगते. पंधरा वर्षं बस चालवल्यावर पाठीचं असंच होतं, सगळ्यांचंच. पट्टा बांधून बसतो.

तुमचा
बारक्या

---

२२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पेटी तुम्ही कशी उचलाल? तुम्ही सात तासांच्या अंतरावर राहता.

पेट्रोलचं मी तपासलं. ऑफिसात दोघांकडे पांढरी आहे आणि एकाकडे निळी. तिघांना महिन्याचे आकडे विचारले. पांढरीच थोडी कमी पिते. कंडक्टरच्या मेव्हण्याने टाकीचं झाकण बघून घ्यावं.

आता दुसरी गोष्ट. ह्यांची खिशातली वही मी इतके दिवस उघडली नव्हती. परवा उघडली. तुम्हाला ठाऊकच आहे, गणित शिकवून शिकवून ह्यांना सगळ्याला मार्क द्यायची खोड होती. लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझ्या चहाला दहापैकी सहा दिले होते. "सुधारणेस वाव," म्हणाले. दोन दिवस बोलले नव्हते मी. वहीत सगळं तसंच आहे. नव्या मुख्याध्यापकांचं भाषण, पंचवीसपैकी नऊ. शेजाऱ्यांच्या मुलीचं गाणं, दहापैकी आठ. तुमची दाढी, दहापैकी दोन. (खरंच आहे, हवं तर दाखवीन.)

त्यात एका पानावर हे आहे, लाल पेनने, जसंच्या तसं उतरवते:

१२ जून.
पांढरी – १७ पैकी १७
निळी – १७ पैकी ५

म्हणजे हे गेल्या जूनमध्येच दोन्ही गाड्या बघून आले होते. मला बोलले नाहीत. तेव्हा माझ्या परवान्यासाठी मात्र हात धुऊन मागे लागले होते. "मग कधीची तारीख घेतेस?" हेच रोज. एकदा मी चिडून म्हटलं, मला ने-आण करायचा एवढा कंटाळा आला असेल तर बसने जाईन. त्याच दिवसांत एकदा मला खुर्चीवर ताठ बसवलं आणि डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. "तू आखडत चालली आहेस का बघतो," म्हणाले. ती खूण अजून आहे. रंगवाला आला तरी तेवढी जागा सोडायला सांगणार आहे.

असो. सतरा मुद्दे कोणते ते लिहिलेलं नाही, पण ह्यांनी पैकीच्या पैकी मार्क आयुष्यात कोणाला दिले नाहीत, त्या पांढरीला दिले. निळी तर नापास. तेव्हा मला वाटतं प्रश्न मिटला. तुम्हाला ह्याबद्दल ते कधी काही बोलले होते का?

वहिनी

---

१ मार्च

ती. वहिनी,

दाढी काढून टाकली. दोन मार्कांची दाढी ठेवून काय करायचं?

दादा मला गाडीबद्दल काही बोलला नाही. तो कधी गेला, काय बघितलं, मला कल्पना नाही. शाळेला सुट्टी होती, वेळ जात नसेल, आला असेल चक्कर मारून. वहीतल्या आकड्यांवर जाऊ नका. मास्तर लोकांचे आकडे त्यांचे त्यांनाच कळतात. ते पान सोडून द्या.

पेट्रोलचं माझं चुकलं असेल. पण खरी गोष्ट दुरुस्तीची आहे. पांढरीचे सुटे भाग मिळत नाहीत, महिना महिना गाडी गॅरेजमध्ये पडून राहते. तुम्ही खेड्यापाड्यांत एकट्या हिंडणार. निळी दणकट आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, वहिनी. माझी रजा मंजूर होते आहे, दहा तारखेला येतो आणि बुक करून टाकतो. तोवर कुठे जाऊ नका.

बारक्या

---

८ मार्च

प्रिय भाऊजी,

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं मी एकच काम केलं आहे. दुकानदार समोरून हसून बोलत असतो, आणि मी त्याच्याकडे न बघता काट्याच्या तळाशी चुंबक लावलं आहे का ते बघते. जो जास्त गोड बोलतो, जास्त बोलतो, आणि "बाई, हा काटा कशाला, तो दुसरा तपासा ना" म्हणतो, त्याचाच काटा मी आधी उलटा करते.

तुम्ही आधी पेट्रोल म्हणालात. ते खोटं निघालं. मग सुटे भाग. काल मी तीन गॅरेजमध्ये जाऊन विचारलं. एकजण म्हणाला, "मॅडम, सुटे भाग मिळत नाहीत असं कोण म्हणालं? त्याला माझ्याकडे पाठवा, दोन दिवसांत अख्खी गाडी जोडून देतो." म्हणजे तेही खोटं. कारण बदलतं आहे, पण गाडी बदलत नाही. आणि मी शोरूममध्ये जाऊ नये हेही बदलत नाही.

पांढरी मी काल चालवून पाहिली. तिथे नवीन मुलगी आहे, जूनमध्ये जो होता तो सोडून गेला. ती बिचारी प्रत्येक बटण दाबून दाखवत होती. मला समोरचं नीट दिसेना, बसायला खाली उशी हवी असं वाटत होतं. "सवय होईल," म्हणाली. होईल. पेटी ठेवून पाहिली, सहज बसली. गुरुवारी, अठरा तारखेला, पैसे भरते असं सांगून आले आहे.

आता स्पष्ट विचारते, राग मानू नका. निळीच्या शोरूममध्ये तुमचं कोण आहे? मित्र असेल, त्याचं काही भलं होणार असेल, तर तसं सांगा. मी समजून घेईन. नसेल, तर मग काय आहे? कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळतं, कुठे ते कळत नाही. ह्यांच्यानंतर माझं म्हणावं असं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुमच्यावर संशय घेऊन मला राहता येणार नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय संशय जाणारही नाही.

वहिनी

---

१२ मार्च

ती. वहिनी,

त्या शोरूममध्ये माझं कोणी नाही. आईशप्पथ.

रजा नाकारली. दोन ड्रायव्हर आजारी आहेत. अठराच्या आत येता येत नाही.

तुमच्या पाया पडतो, गुरुवारी पांढरीचे पैसे भरू नका. कारण विचारू नका. मला खोटं नीट बोलता येत नाही हे तुम्ही बघितलंच. आणि निळीच्या शोरूममध्येही जाऊ नका. मी महिनाअखेर येतो. एवढं एकदा ऐका.

बारक्या

---

१७ मार्च

भाऊजी,

मी गेले. जाऊ नका असं दोनदा लिहिल्यावर मी घरी बसेन असं तुम्हाला कसं वाटलं?

निळीच्या शोरूममध्ये आत गेले, आडनाव सांगितलं. तिथला टायवाला, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "मास्तरांच्या घरून का? जे झोपून गाडी बघायला आले होते ते?"

मी म्हटलं, "झोपून म्हणजे?"

तो हसायला लागला. "अहो, मी तेवीस वर्षं गाड्या विकतो, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. घरून उशी आणली होती. मागची सीट पाडायला लावली, पुढची सरकवली, आणि त्यातच आडवे झाले. मी म्हटलं, साहेब, गाडी बसून बघतात. तर म्हणतात, 'मी कोणाला नापास करायच्या आधी पेपर शेवटपर्यंत वाचतो.' त्यांचे भाऊ होते बरोबर. दाढीवाले, बस चालवतात ते. त्यांनीच गाडी चालवली. मला पुढे बसवलं."

तुम्ही लिहिलं होतं, तुम्हाला कल्पना नाही.

मी विचारलं, कुठे नेली गाडी? म्हणाला, "तुमच्या घराच्या कोपऱ्यापासून मोठ्या हॉस्पिटलच्या गेटापर्यंत. आत नाही नेली. गेटावरून वळून परत. आणि साहेब रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत, नुसते मधूनच आकडा म्हणायचे. एक. मग किती वेळ काही नाही. मग दोन. पाचपर्यंत आले. मला वाटलं, काहीतरी मोजतायत, झाडंबिडं."

मी त्याला म्हटलं, मला त्याच रस्त्याने गाडी चालवायची आहे. तो बाजूला बसला. आमच्या कोपऱ्यावर पहिला गतिरोधक आहे, तुम्हाला माहीत आहे. मी "एक" म्हटलं. बेकरीसमोर दोन. शाळेपाशी पाठोपाठ तीन. मी मोजत गेले. टायवाला माझ्याकडे बघत होता, पण भला माणूस आहे, मला मोजू दिलं. हॉस्पिटलच्या गेटासमोरचा सतरावा.

मी गाडी कडेला घेतली. तो म्हणाला, "मॅडम, बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही."

म्हणजे ते मार्क नव्हते. निळीत पाच वेळा दुखलं. पांढरीत सतराच्या सतरा वेळा. आणि मी तीन आठवडे ऑफिसात सांगत होते, ह्यांनी पांढरीला पैकीच्या पैकी दिले.

परत आल्यावर टायवाल्याला आणखी एक आठवलं. ह्यांच्याकडे एक लाकडी पट्टी होती, वर्गातली, लांब. ती ड्रायव्हरच्या सीटवर उभी धरली, तिच्यावर पेन्सिलीची खूण होती, तिथे डोळा लावून समोर बघितलं. सीट वर घेत घेत गेले आणि म्हणाले, "आता तिला बॉनेट दिसेल." घरी येऊन मी ती पट्टी शोधली. कपाटामागे होती. खुर्चीवर उभी करून भिंतीला लावली. दोन्ही खुणा जुळतात. केसाचाही फरक नाही.

तारीख बारा जून आहे. मला डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. त्यानंतर तेवीस दिवस. येणारा प्रत्येक माणूस म्हणाला, किती अचानक. तुम्हीही म्हणालात. माझ्याच दिवाणखान्यात, माझ्यासमोर, म्हणालात.

कधीपासून माहीत होतं? कोणाकोणाला? मला सोडून सगळ्यांना?

पांढरीचे पैसे उद्या भरणार नाही. निळीचेही भरणार नाही. आधी उत्तर. सगळं लिहा, आणि विनोद करू नका.

---

२१ मार्च

ती. वहिनी,

सगळं लिहितो.

मेच्या वीस-बावीस तारखेला दादा माझ्याकडे डेपोत आला होता. तुम्हाला सांगितलं होतं पेपर तपासायला केंद्रावर जातोय. कॅन्टीनमध्ये बसलो. चहा मागवला, आणि चहा यायच्या आत म्हणाला, "बारक्या, पाठदुखी पाठदुखी नाही. मणक्यात गाठ आहे. पसरली आहे. फार तर वर्ष." ते असं सांगितलं जसं वर्गात गृहपाठ सांगतात. मी रडायला लागलो तर म्हणाला, "लोक बघतायत, त्यांना वाटेल मी तुझी बदली केली."

दुसरं कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टर, तो आणि मी. शपथ घातली मला, गळ्याला हात लावून.

मी भांडलो, वहिनी. म्हटलं, वहिनींना सांग, त्या तुझ्यामाझ्यापेक्षा खंबीर आहेत. तर म्हणाला, "खंबीर आहे म्हणूनच. ज्या दिवशी सांगेन त्या दिवसापासून ती रोज माझं वजन करेल. सकाळ-संध्याकाळ. वहीत लिहील. आणि मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखेन किती घटलं. मला थोडे दिवस साधं राहायचं आहे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडायचं आहे."

जूनमध्ये मला बोलावून घेतलं. तुम्ही तीन दिवस तपासणीच्या दौऱ्यावर होतात. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पुढे आठवड्यातून दोन-तीनदा हॉस्पिटलला यावं लागेल आणि बसवणार नाही. म्हणून आडवं होऊन बघितलं. आधी पांढरी. ती कडक आहे, वहिनी, स्प्रिंगा कडक. मी बसपेक्षा हळू चालवत होतो. प्रत्येक गतिरोधकावर त्याने आकडा म्हटला. ओरडला नाही, नुसता आकडा. सतराव्याला आवाज आला नाही म्हणून मी आरशात बघितलं, तर बोट वर केलं होतं. परत येताना शोरूमपर्यंत चालत जाऊ म्हणाला, म्हणून गाडी अलीकडेच थांबवून बरोबरच्या शोरूमवाल्याकडे दिली. त्यानंतर पंधरा मिनिटं फुटपाथवर बसलो होतो. मग म्हणाला, "चल, दुसरा पेपर."

निळी पक्की केली. मी म्हटलं, लगेच बुक करू. तर नको म्हणाला. "तिला परवाना मिळू दे. मग सांगतो तिला सगळं. मग तीच नेईल मला. तुझ्या हाती दिलं तर तू मला बस समजून चालवशील." असं म्हणून हसला. पुढे ते लांबत गेलं आणि त्याची तब्येत सगळ्यांच्या हिशेबापेक्षा लवकर ढासळली.

शेवटच्या आठवड्यात, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा मला म्हणाला, "तिला निळीच घ्यायला लाव. पांढरीत तिला पुढचं दिसत नाही. पण का ते सांगू नकोस, तिच्या डोक्याला लागेल." मी विचार केला, पेट्रोलचं सांगू, तुम्ही मानाल. तुम्ही तीन लोकांना आकडे विचाराल हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

माझं चुकलं. "अचानक" म्हणालो ते सगळ्यात जास्त चुकलं. तुम्ही दार उघडलं नाहीत तरी मी समजेन.

बारक्या

---

११ एप्रिल

प्रिय भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. दोन दिवस मी ठरवलं होतं की तुम्हाला पुन्हा घरात घ्यायचं नाही. मग पुष्कळ दिवस काहीच ठरवलं नाही.

तुमचं पत्र मी पाच-सहा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी एका वाक्यापाशी थांबले. "पुढे ते लांबत गेलं." बाकी सगळं तुम्ही तारीखवार लिहिलं आहे, तेवढं एकच वाक्य मोघम आहे. तुम्ही शपथेसाठी खोटं बोलत होता असं तुम्हाला वाटत असेल. मला वाटतं तुम्ही त्या वाक्यासाठी बोलत होता.

म्हणून ते मीच लिहिते, म्हणजे तुम्हाला लपवावं लागणार नाही. परवान्याच्या परीक्षेची पहिली तारीख अठ्ठावीस जून होती. ती मी पुढे ढकलली, काटे-तपासणीची मोहीम होती. दुसरी तीन ऑगस्ट, पाहुणे येणार होते. तिसरी अकरा सप्टेंबर. त्या दिवशी काहीच नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. ह्यांनी विचारलं, "मग कधी?" मी म्हटलं, "जाऊ दे ना, एवढी काय घाई आहे?" हे म्हणाले, "घाई नाही." आणि आत जाऊन आडवे झाले. मला वाटलं रुसले.

मी पहिल्याच तारखेला गेले असते तर मला जूनमध्ये कळलं असतं. हा हिशेब ह्यांनी केला होता, तुम्हीही केला होता. मी केल्याशिवाय राहणार नाही हे ओळखून तुम्ही दोघे भाऊ माझ्यापासून तो झाकत होता. ठीक आहे. झाला करून. अजून जिवंत आहे मी.

पण मी रोज ह्यांचं वजन करेन असं ह्यांनी जे म्हटलं त्याचा मला राग आला आहे. कारण ते खरं आहे. मी रोज केलं असतं.

ऑक्टोबरात रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा मी शेजारी बसले होते. ह्यांनी माझा हात धरला होता आणि अधूनमधून आवळत होते. मला वाटलं, मला धीर देतायत. मी मोजलं नाही. आयुष्यात नेमकं तेवढंच मोजलं नाही.

निळी घेतली. तीस तारखेला मिळाली. टायवाल्याने किल्ली देताना सीट आधीच वर करून ठेवली होती. बॉनेट दिसतं. पेटीतली वजनं मी दोन पिशव्यांत वाटून टाकली, दहा-दहा किलो, आता कमरेपर्यंत उचलता येतात. इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सहा गावं केली. एका किराणा दुकानदाराने मला गाडीतून उतरताना बघितलं आणि काटा बदलायला आत पळाला. तुम्ही असता तर हसला असता.

आता कामाचं. गेल्या रविवारी आणि आज सकाळी मी मागची सीट पाडली, ह्यांची उशी असायची तिथे काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं आणि कोपऱ्यापासून हॉस्पिटलच्या गेटापर्यंत गाडी नेली. किती वेळा सांडलं ते बघायला जाते आणि प्रत्येक ठिकाणी थांबावं लागतं, मागचे हॉर्न मारतात. शिवाय पातेल्याला दुखत नाही. ते बरोबर माप नव्हे.

बारा जूनला निळीत पाच आले ते तुमच्या हातचे. तुम्ही पंधरा वर्षं बस चालवता. मी चालवली असती तर किती आले असते हे मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला ती वही मिटता येत नाही. पाचापेक्षा जास्त आले असते तर तसंही कळू दे.

तुमची कंबर अजून तशीच आहे ना? खड्डा यायच्या आधी सांगणारी? तर पुढच्या रविवारी या. पट्टा बांधू नका. दार उघडं असेल. जेवून घ्या, मग मागे आडवे व्हा, डोळे मिटा, आणि जिथे दुखेल तिथे आकडा म्हणा.

मला बरं वाटावं म्हणून एकही आकडा गिळू नका. मला कळेल.

वहिनी